नम्रपणे हात जोडावेत

"ताई, पाणी मी भरते, माठ मी उचलते, पेले मी विसळते. पण पेला हातात द्यायचं काम तेवढं तुम्ही करा," असं रेबेकानं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी हसले. नुसती हसले नाही, तिला थोडं झापलंसुद्धा.

"अगं, त्र्याहत्तर साल आहे! आणि धावायला येणार कोण, तर वकील, मास्तर, बँकेतली माणसं. तू उगाच मनात धरतेस."

"मी नाही धरत, ताई. त्यांच्या मनातलं सांगते."

बी.ए.ला मला समाजशास्त्र होतं. त्यामुळे समाज आपल्याला कळतो, अशी माझी समजूत होती.

रेबेका आमच्या भिंगारच्या मंडळाची बालवाडी चालवायची. माझी छकुली तिच्याकडेच जायची. मी पोरीचं पाणी वीस मिनिटं उकळून देणारी बाई, दिवसातून चारदा तिच्या कपाळाला हात लावून बघणारी, तरी तिला रेबेकाकडे सोडून आले की दोन तास निर्धास्त असायची. मंडळाचे अध्यक्ष कारभारीअण्णा, कापडाचे व्यापारी. चिटणीस आमचे हे. आणि बालवाडीच्या त्या एका जागेवर रेबेका आणि तिची म्हातारी आई मरियाबाई, अशा दोघी जगत होत्या. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर त्या वर्षी एक मेला मंडळानं तेरा मैलांची शर्यत ठेवली. हेतू काय, तर दुष्काळाविषयी जनजागृती. जणू नगर जिल्ह्याला दुष्काळ ऐकूनच माहीत होता! पेंटरनं फलकावर 'अर्धी मॅराथान' असं रंगवलं, आणि बाजारात जो तो विचारायला लागला की उरलेली अर्धी कधी आहे.

पण शर्यतीपेक्षा आमच्या यांना काळजी होती ती शिस्तीची. आठ दिवस बसून यांनी 'धावपटूंनी पाळावयाचे शिष्टाचार' लिहून काढले आणि सायक्लोस्टाइल करून वाटले. एकूण चौदा नियम. रस्त्यात थुंकू नये. नुसत्या बनियनवर धावू नये. पुढील धावपटूस ओलांडताना 'माफ करा' म्हणावे. नियम पाचवा, वयाने अथवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीस शक्यतो ओलांडू नये.

"अहो, मोठ्यांना ओलांडायचं नाही तर शर्यत जिंकायची कशी?" मी विचारलं.

"शक्यतो म्हटलंय ना!" हे म्हणाले. "तू शब्द नीट वाचत नाहीस."

नियम सातवा मात्र मी नीट वाचला होता आणि तो मला आवडलाही होता. 'पाणपोईवर देऊ केलेले पाणी नको असल्यास नम्रपणे हात जोडावेत.'

शर्यत सकाळी सहाला सुटायची होती. प्रमुख पाहुणे पावणेनऊला आले. मग हार, मग नारळ, मग भाषण. पाण्याचा थेंब न् थेंब जपून वापरा, हे पाहुण्यांनी पाऊण तास सांगितलं आणि तेवढ्यात तीन ग्लास पाणी प्यायले. तोवर चाळीसेक धावपटू उन्हात रांगेत उभे. वकीलसाहेब गुडघ्यापर्यंत मोजे ओढून आलेले, हायस्कूलचे एक मास्तर सदरा इस्त्री करून आणि पट्टा आवळून. बँकेची मंडळी आपल्या मॅनेजरसाहेबांच्या मागे हुद्द्याप्रमाणे उभी राहिलेली. आणि सगळ्यांच्या पुढे आमचा कानिफनाथ.

कानिफ माझा चुलत दीर. पोलीस भरतीसाठी म्हणून आमच्याकडे येऊन राहिलेला. पायांत खरा वारा भरलेला पोरगा. पहाटे पाचला एक कप चहा घेऊन निघाला होता, त्यावर काही नाही. ही हकिकत मला धावणाऱ्यांच्याच तोंडून नंतर कळली, कारण मी सुरुवातीला नव्हतेच. मी सातपासून चौथ्या मैलावर होते.

आमची पाणपोई पाथर्डी रस्त्यावर एका लिंबाखाली. एक पाणपोई दुसऱ्या मैलावर, एक आमची, आणि एक साडेसहा मैलांवर, जिथून परत फिरायचं तिथं. त्या उन्हाळ्यात आसपास पाणी टिकलेला हातपंप एकच होता आणि तो ख्रिस्ती वस्तीत होता. तिन्ही ठिकाणचे माठ तिथूनच भरले होते. रेबेकाचा चुलतभाऊ फिलिप, त्यानं पहाटे तीनला उठून बैलगाडीतून पोचवले होते. म्हणजे सगळ्यांच्या पोटात जाणार होतं ते पाणी एकच.

साडेदहाच्या सुमाराला छकुलीला जुलाब झाला. एकदाच झाला, पण मला एकदा पुरतो. मी तिला घेऊन झाडाच्या बुंध्याशी बसले, कपाळाला हात लाव, जीभ बघ, असं चाललेलं. तेवढ्यात रस्त्यावर कानिफ दिसला. एकटाच, बाकीचे कुठं मागे.

"ताई, येताय का?" रेबेकानं हाक मारली.

"दे गं तूच! घरचाच आहे," मी बसल्या जागेवरून ओरडले.

तिनं पेला भरला आणि दोन पावलं रस्त्यात गेली. कानिफच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. नजर नुसती पेल्यावर. त्यानं धावता धावताच हात पुढे केला. मग मान वर केली, पेला कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. पुढे आलेला हात तसाच मागे नेणं बरं दिसत नाही. म्हणून दुसरा हात त्याला येऊन मिळाला. नियम सातवा! नमस्कार करून माझा दीर पुढे निघून गेला. दुसऱ्या मैलावर पहिला नंबर जाईल म्हणून तो थांबला नव्हता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रेबेका पेला धरून तशीच उभी.

"त्याला तहान नसेल," मी म्हटलं.

पेल्यातलं पाणी तिनं पुन्हा माठात ओतलं नाही, बाजूच्या घागरीत ओतलं. माठात ओतताना कुणी बघितलं असतं तर, म्हणून.

मग बाकीचे आले. मास्तर आले, त्यांनी हात जोडले. वकील आले, त्यांनी थांबून, वाकून जोडले. एकानं तर 'धन्यवाद, भगिनी' असंसुद्धा म्हटलं. इतक्या अदबीनं माणसाला नको म्हणता येतं हे मी पहिल्यांदाच पाहत होते. चौदा जण गेले. मी मोजले, कारण मोजत राहणं हा माझा स्वभावच आहे. पंधराव्याला मी छकुलीला रेबेकाच्या कडेवर दिलं आणि पेला स्वतः घेऊन उभी राहिले. पंधरावा थांबला. घटाघटा प्यायला. सोळावाही प्यायला. हेही सगळे तोंड न लावता वरून पिणारे. धापा टाकत वरून पाणी ओतलं की अर्धं नाकात जातं, हे चौदा नियमांत कुठंच नव्हतं. एक जण ठसकून इतका लाल झाला की मी त्याच्या पाठीत बुक्की घातली.

बँक सगळ्यांत शेवटी आली. पुढे मॅनेजरसाहेब, बावन्न वर्षांचे, चालत. मागे सगळा स्टाफ, चालत. एखादा चुकून अर्धं पाऊल पुढे गेला की 'माफ करा साहेब' म्हणून परत मागे यायचा.

पलीकडे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया हातोड्या खाली ठेवून हे सगळं बघत होत्या. त्यांतली एक, भागूबाई, पदर डोक्यावर ओढत आमच्याकडे आली.

"बाई, ह्यांच्या मागं कोन लागलंय?"

"कुणी नाही. शर्यत आहे. साडेसहा मैल जायचं आणि परत यायचं."

"तिकडून काय आनायचं हाय?"

"काही नाही."

"मंग कशाला जात्यात?"

"दुष्काळ पडलाय, ते लोकांना कळावं म्हणून."

भागूबाईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. तिला वाटलं, मी थट्टा करते. "आगं बया," ती मागे वळून बायांना म्हणाली, "ह्यास्नी आत्ता कळलंय व्हय!" आणि सगळ्या इतक्या हसल्या की रेबेकाही हसली. मग भागूबाईनं रेबेकापुढे ओंजळ धरली. "घाल माय. आमच्याकडचा टँकर परवाधरनं आला न्हाई." रेबेकानं तिला पाजलं, मग बाकीच्यांना. कुणी हात जोडले नाहीत. दोन्ही हात पाण्याखाली गुंतलेले होते.

बाराला जीप आली. परत फिरायच्या जागेअलीकडे अर्ध्या मैलावर कानिफ कोसळला होता. तोंडाला फेस, अंग भट्टीसारखं. दवाखान्यात दोन दिवस सलाईन. पहिल्या रात्री डॉक्टर मान हलवत होते आणि हे बाकावर बसून आपल्याच नियमांच्या कागदाची घडी करत आणि उलगडत होते. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला. मी भाताची पेज घेऊन गेले तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहून हळूच सांगितलं, "वहिनी, मला पाणी मिळालंच नाही असं सांगितलंय मी. पेपरवाला आलता. खरं छापून आलं तर भरतीत शिवाशिवीचं विचारतील."

"आणि रेबेकाचं काय?"

"तिचं काय? तिला कुठं भरती व्हायचंय?"

राहता राहिला निकाल. पुढे धावलेले कुणी चक्कर येऊन बसले, कुणी टेम्पोत चढले, आणि राहिलेल्या चार-पाच जणांनी शेवटच्या फर्लांगात मागून टेम्पोनं आणून सोडलेल्या मॅनेजरसाहेबांना पाहिलं आणि शिष्टाचार पाळून वाट दिली. साहेबांचा पहिला नंबर आला. पेपरात फोटो आहे.

चौथ्या दिवशी मंडळाची बैठक झाली. पाहुण्यांना उशीर का झाला, हा विषय नव्हता. विषय होता, चौथ्या मैलावर पाण्याची हयगय. शाळेच्या वर्गात बाकांवर आम्ही बसलेलो, रेबेका फळ्याशी उभी.

"रेबेकाबाई," कारभारीअण्णांनी अगदी मऊ आवाजात सुरुवात केली, "पोरगा मरता मरता वाचला. तो म्हणतो, पाणी मिळालं नाही."

"मी पेला पुढे केला होता, अण्णा. त्यांनी हात जोडले."

"बरं. मग तुम्ही आग्रह केला का?"

"काय?"

"आग्रह! आपल्याकडे पाहुण्याला एकदा विचारून सोडतात का? दोनदा, तीनदा म्हणावं लागतं. घ्या हो, घ्या हो."

"अण्णा, धावत्या माणसाला आग्रह करायचा तर त्याच्यामागं धावावं लागतं."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. अण्णांना ते आवडलं नाही. "आणि खेळाडूंचं पाणी मजुरांना वाटलंत, तेही खरं ना?"

"खरं. त्यांनी मागितलं."

मग अण्णा माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तिथंच होतात. सुशिक्षित आहात, तुमचा शब्द आम्ही मानू. कानिफनं पाणी नाकारताना तुम्ही पाहिलंत का?"

हे इतिवृत्ताच्या वहीवर वाकलेले. पेन थांबलेलं. रेबेका माझ्याकडे बघत होती, अजिबात काळजी न करता. मीच होते ना तिथं. तीन घरं पलीकडे दुधात पडलेली माशी मला दिसते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"माझं लक्ष छकुलीकडे होतं," मी म्हणाले. "तिला जुलाब झाला होता."

पेन चालू झालं. 'पाणपोईवर योग्य तो आग्रह न झाल्याने' असं वाक्य यांनी लिहिलं, मी वरून वाचलं. अक्षर सुरेख आहे यांचं. रेबेकाला सुटीपुरतं घरी थांबायला सांगितलं, आणि जूनमध्ये बालवाडीवर अण्णांची भाची आली. तिच्याकडे मुलं आग्रहानं पाणी पितात का, ते मला माहीत नाही. छकुलीला मी घरीच ठेवते.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तू योग्य तेच बोललीस." मी म्हटलं, "मी काहीच बोलले नाही." हे म्हणाले, "तेच." त्याला आता सहा महिने झाले. कानिफ भरती झाला. आता तो सणाला येतो, वाकून नमस्कार करतो.

जूनच्या अखेरीला रेबेका आईला घेऊन गेली, तेव्हा मी एस.टी. स्टँडवर गेले नाही. छकुलीला खोकला होता. खरंच होता, पण शेजारणीकडे ठेवता आली असती. फिलिप म्हणतो, त्या अकोले तालुक्यात राजूरला गेल्या, तिथं एका वसतिगृहात मुलींचं बघायला बाई हवी होती. मिळाली की नाही, त्यालाही नक्की माहीत नाही. मी दोन पत्रं टाकली. एक 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून परत आलं, दुसरं आलंच नाही. राजूरला त्या पावसाळ्यात घरं गळाली, तापाची साथ होती असं ऐकते, आणि मरियाबाईंच्या छातीत मे महिन्यापासूनच घरघर होती.

म्हणून हे छापायला दिलंय. जे बैठकीत बोलायचं होतं ते वर सगळं लिहिलं आहे, नावानिशी. घरात याचं काय व्हायचं ते होईल.

तुमच्यापैकी कुणी अकोल्याच्या बाजूला राहत असेल, किंवा राजूरच्या बाजाराला जाणार असेल, तर एवढं करा. रेबेका म्हणून विचारा. उंच, सावळी, बोलताना मान थोडी डावीकडे करते, लहान मुलं तिच्या आसपास असणारच. बरोबर एक म्हातारी आहे. माझं नाव लगेच सांगू नका. दोघी कुठं राहतात, अंगावर धड कपडा आहे का, म्हातारीला औषध मिळतं का, ते आपल्या डोळ्यांनी बघून या. आणि काहीही असलं तरी, वाईट असलं तरी, मला एक कार्ड टाका.