आइतमान चढून आला

जीप पुलापाशी थांबली तेव्हा बलसिंग गुरुंग रस्त्याच्या कडेला उभे होते. पायाशी डोको होता, बांबूची मोठी टोपली. एका बाजूने कापून, आत घोंगडी घालून त्यांनी ती माणूस बसवण्याजोगी केली होती. आयुष्यभर त्यांनी मिठाची पोती, पत्रे, सिमेंट, आजारी माणसं असं सगळं कपाळाच्या पट्ट्यावर पेलून या डोंगरावर नेलं होतं. आज धाकट्या मुलाला, आपल्या कान्छाला, न्यायला आले होते.

आइतमान जीपमधून आधी कुबड्या, मग उजवा पाय आणि शेवटी नकली पाय बाहेर काढत उतरला. आफ्रिकेतल्या माली देशात शांतिसेनेच्या ताफ्यात त्याचा ट्रक सुरुंगावरून गेला, त्याला अकरा महिने झाले होते. डावा पाय गुडघ्याखाली गेला. काठमांडूच्या लष्करी इस्पितळात नवा पाय बसवून दोनच महिने झालेले. सपाटीवर तो बऱ्यापैकी चालायचा. चढाचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

बापाने मुलाला नीट न्याहाळलं. मुलाने वाकून पाया पडायचा प्रयत्न केला, तर त्यांनी खांदा धरून त्याला अर्ध्यातच थांबवलं.

"बस यात," ते म्हणाले. "अंधाराच्या आत घरी पोचवतो."

"मी चालत येणार आहे, बा."

"बत्तीसशे पायऱ्या आहेत, कान्छा."

"ठाऊक आहेत. शाळेत जाताना रोज मोजायचो."

"तेव्हा पाय दोन होते."

आइतमानला राग आला नाही. घरात सगळे असंच बोलत आणि इस्पितळात त्याला याच बोलण्याची भूक लागली होती. तो फक्त पहिल्या पायरीकडे वळला. बांनी डोको पाठीवर घेतला आणि ते मागे निघाले.

तिहारचे, म्हणजे नेपाळी दिवाळीचे दिवस होते. उद्या भाईटीका, भावाच्या कपाळी बहिणीने टिळा लावायचा दिवस. थोरली बहीण सेतीमाया त्यासाठी पलीकडच्या डोंगरावरच्या सासरहून आली होती. उद्या दुपारी बाराच्या आतला मुहूर्त होता. त्याआधी वर पोचायचं, असा आइतमानचा हिशोब होता. आज निम्म्या वाटेवरच्या चहाच्या दुकानापर्यंत, उरलेलं सकाळी.

पहिल्या दिवशी त्याचं गणित जमलं. कुबडी पुढे टेकायची, उजवा पाय वर घ्यायचा, त्यावर भार देऊन डावा ओढायचा. दर पंचवीस पायऱ्यांना थांबायचं. खाली उतरणारी ओळखीची माणसं वाटेत भेटत. त्याची चौकशी करता करता त्यांची नजर मागच्या रिकाम्या टोपलीवर जाई, आणि बलसिंग मान दुसरीकडे वळवत. एका म्हाताऱ्याने तर तोंडावर विचारलं, की मुलगा चालतोय आणि तू टोपलीला हवा खायला आणलंस का? बा म्हणाले, टोपलीला सवय नाही रिकामं चढायची, शिकवतोय.

दुसऱ्या दिवशी मात्र पाय पिसाळला. थोटूक सुजून नकली पायाच्या वाटीत मावेना. मोजा काढला तर आतून ओला, लाल. त्याने पट्टी बदलली, दात आवळले, पुन्हा पाय चढवला. दहाचा सुमार झाला तेव्हा पंचवीसवरून तो पाच पायऱ्यांवर आला होता. अकरा वाजता पिंपळाच्या पारापाशी त्याची कुबडी घसरली आणि तो कुशीवर आपटला. अजून नऊशे पायऱ्या होत्या.

बांनी डोको खाली ठेवला, पट्टा सारखा केला आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"तुझी दिदी सकाळपासून उपाशी आहे. तुझ्या आईलाही मी यातच बसवून इस्पितळात नेलं होतं. तिची काही इज्जत गेली नाही."

आइतमान पाराला पाठ टेकून बसला. शेजारच्या उतारावर नाचणी पिकून तपकिरी झाली होती आणि तिथे कोणीतरी बाई विळा थांबवून त्यांच्याकडे बघत होती.

"बा, ट्रकमधून मला पाठुंगळी काढलं," तो म्हणाला. "मग स्ट्रेचर, मग विमान, मग खुर्ची. संडासालासुद्धा दोघे उचलून न्यायचे. अकरा महिने मी कुणाच्या ना कुणाच्या हातावर आहे. घरात एकदा मला माझा मी जाऊ द्या. पुढे जिथे उचलून न्याल तिथे येईन."

बलसिंग उठले, पायऱ्यांच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी वर गावाच्या दिशेने लांबलचक हाळी घातली. कान्छा पारावर आहे, मुहूर्ताला पोचत नाही, असा निरोप एका शेतातून दुसऱ्या शेतात, माणसाकडून माणसाकडे वर चढत गेला.

सेतीमाया पाऊण तासात खाली आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात तेलपाण्याची झारी, खांद्यावर जांभळ्या मखमली फुलांची माळ. धावल्यामुळे तिला दम लागला होता. भावाचा पाय बघून तिचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच ती कडाडली.

"यमसुद्धा टिळ्याला बहिणीच्या दारी जातो. तू मला वाटेवर बसवतोस."

"तूच आलीस खाली. मी बोलावलं नव्हतं."

"गप्प बस आणि सरळ बस."

तिने त्याच्याभोवती तेलपाण्याची धार धरून फेरे घातले, यमाने ओलांडू नये म्हणून. उंबरठा नव्हता, म्हणून पायरीच्या दगडावरच अक्रोड ठेवून एका घावात फोडला. कपाळावर सात रंगांचे टिळे उभे लावले आणि गळ्यात माळ घातली. रंग एकात एक मिसळले नाहीत. मग त्याच्या तोंडात तांदळाच्या पिठाच्या गोड सेलरोटीचा तुकडा कोंबून ती स्वतः तिथेच खायला बसली आणि दोन सेलरोट्या संपवूनच उठली.

एक वाजता तो उठला. आता दिदी एका पायरीने पुढे होती आणि बा एका पायरीने मागे. कुणी हात दिला नाही. आइतमान कधी चढायचा, कधी पायरीवर बसून पाठमोरा वर सरकायचा आणि मग पुन्हा उभा राहायचा. दोनदा त्याला ओकारी आली. शेवटच्या शंभर पायऱ्यांवर गावातली माणसं दोन्ही बाजूंना जमली, पण दिदीने डोळे वटारले तशी सगळी मागे सरली.

ऊन समोरच्या कड्यावर गेलं तेव्हा तो आपल्या अंगणात उभा होता.

बायको झुमा दारात होती. तीन वर्षांची लेक तिच्या मागून वाकून बघत होती. झुमाने गळ्यात पडून रडायचं ठरवलं असेलही, पण पँटवर आलेला रक्ताचा डाग तिने आधी पाहिला.

"गरम पाणी आहे," ती म्हणाली. "तो पाय काढ. बघू दे."

त्याने ओट्यावर बसून पट्टे सोडले. झुमा खाली बसली, तिने थोटूक दोन्ही हातांत घेतलं आणि पाण्याने धुवायला लागली. सुरुवातीला त्याने मान फिरवली होती. मग हळूहळू तोही बघायला लागला. लेक जवळ आली, तिने नकली पायाच्या बुटाला बोट लावून बघितलं, आणि हा कुणाचा, असं आईला विचारलं.

"माझा," आइतमान म्हणाला.

जखम भरायला अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तो नळापर्यंत चालत गेला आणि अर्धी घागर सांडत का होईना, पाणी घेऊन आला.