कामाच्या वेळी कुणी बसायचं नाही

मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडाची, वेताने विणलेली, डाव्या हाताशी जराशी सैल झालेली. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो, असं तुम्ही ऐकलं असेल. माझा गळा वगैरे काही दाटलेला नाही. मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

मला घडवणारा सुतार फार चोखंदळ होता. चारही पाय जमिनीला नीट टेकेपर्यंत तो मला पुन्हा पुन्हा तासत राहिला. त्याचा मदतनीस कंटाळून म्हणाला, "आता पुरे की! खुर्चीच आहे ती." त्यावर सुतार म्हणाला, "अरे, मास्तरांची खुर्ची आहे. डुगडुगली तर पोरं वर्षभर हसतील." असा मान घेऊन मी शाळेत आले.

पुढे मी कितीतरी शिक्षकांना टेकायला जागा दिली. तास संपता संपता ते माझ्यावर बसून वह्या तपासत, तेव्हा मला त्यांच्या पाठीतून कळायचं, आज गृहपाठ कुणी केला आहे आणि कुणी शेजाऱ्याचा उतरवला आहे. मुलांनी माझ्यावर खडूची पूड टाकली, एकदा तर डिंक लावला. त्याचा मला कधी राग आला नाही. बक्षीस समारंभात पाहुण्यांसाठी मलाच पुसून व्यासपीठावर नेत. तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा!

मग शाळेच्या संस्थेवर नवे सचिव आले. ते एकदा फेरीवर निघाले असताना एका वर्गात बाई बसून धडा वाचून दाखवत होत्या. मुलं अगदी कान देऊन ऐकत होती. पण साहेबांना मुलं दिसलीच नाहीत, फक्त खुर्ची दिसली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर पाटी लागली, 'बसलेला शिक्षक म्हणजे झोपलेला वर्ग'. हे वाक्य साहेबांनी स्वतः रचलं होतं आणि त्यावर ते बेहद्द खूश होते. त्याच दिवशी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या उचलून अडगळीच्या खोलीत टाकल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शिक्षकांनीही मान डोलावली. फाटके नकाशे आणि फुटके ढोल यांच्या शेजारी माझी रवानगी झाली.

ज्या माणसाच्या ढुंगणाखाली दिवसभर गुबगुबीत, चाकांची खुर्ची असते, त्याने दुसऱ्यांना उभं राहण्याचे फायदे सांगावेत? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण अडगळीत रागावून करता काय?

आणि मग ती साथ आली. शाळा बंद झाली. वर्गच्या वर्ग मुके झाले. घरातल्या घरात, मोबाईल पुस्तकांच्या चवडीला टेकवून शिक्षक शिकवत आहेत, असं पहारा द्यायला येणारे शिपाई काका दुसऱ्या कुणाला तरी फोनवर सांगत. सचिवसाहेबांनी म्हणे शिक्षकांना 'ज्ञानाचे योद्धे' म्हणून संदेश पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र टाकून. शब्द फुकटच असतात, वाटायला काय जातं?

शेवटी एकदा शाळा उघडली. पण अशी शाळा मी कधी ऐकली नव्हती. मुलं अर्धीच. सम हजेरी क्रमांकांची एक दिवस, विषमांची दुसऱ्या दिवशी. एकाआड एक बाकावर पांढऱ्या रंगाची मोठी फुली. फाटकात खेळाचे सर उभे, एका हातात ताप मोजायची बंदूक, गळ्यात शिट्टी. मुलं त्यांना शिट्टी सरच म्हणत. मास्क लावून शिकवायचं म्हणजे प्रत्येक वाक्य ओरडूनच सांगायचं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे घसे बसले. घसे बसले, पण माणसांना बसायची परवानगी नव्हती. पाट्या जागच्या जागी होत्या.

गणिताच्या बाई उशिरा रुजू झाल्या. त्यांना त्या आजाराने गाठलं होतं. नळीतून प्राणवायू घेऊन त्या कशाबशा घरी परतल्या होत्या. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, दोन लहान मुली आणि काम सुटलेला नवरा. त्यांची नोकरी हाच घराचा आधार. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं, पण बजावलं, फार वेळ उभं राहू नका. आणि इथे तर दिवसभर उभं राहणं हीच नोकरी.

हे सगळं मला मागाहून कळलं. पहिल्या दिवशी तास संपवून त्या शिक्षकखोलीत आल्या आणि भिंत धरून उभ्याच राहिल्या. चित्रकलेच्या बाई वयाने सगळ्यांत लहान, पण जिभेने सगळ्यांत तिखट. त्या धावल्या.

"ताई, बसा आधी. पाणी घ्या."

"बसते गं." गणिताच्या बाईंना एकेक शब्द सुटा सुटा करून बोलावा लागत होता. "फळ्याकडे वळले... की डोळ्यांपुढे अंधारी येते. पोरांना कळू नये... म्हणून उदाहरण सोडवायचं सोडून... खडू शोधत राहते."

"मोठ्या बाईंना सांगू या."

"नको. त्या सचिवांना सांगतील. ते म्हणतील... विश्रांती घ्या. मग कायमचीच विश्रांती."

शिपाई काका दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. थोड्याच वेळात अडगळीच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि त्यांनी मला झटकून, पुसून बाहेर काढलं. "चल बाई, ड्युटी लागली तुझी," असं ते मला म्हणाले. इतक्या वर्षांनी माझ्याशी कुणी बोललं!

त्या दिवसापासून आमचा चोरटा प्रवास सुरू झाला. गणिताच्या बाईंचा तास ज्या वर्गात, त्या वर्गात त्यांच्या आधी मी पोहोचायची. खालच्या मजल्यावर काका नेत, वरच्या मजल्यांवर शिट्टी सर. फळ्यावर उदाहरणं लिहायला चित्रकलेच्या बाई आपला मोकळा तास देत. त्यांचं गणित कच्चं, त्यामुळे मुलं त्यांच्या चुका काढण्यात रंगून जात. गणिताच्या बाई माझ्यावर बसून हसत आणि शिकवत. सचिवांची गाडी फाटकात आली की शिट्टी सर दोनदा आखूड शिट्टी वाजवत. ती ऐकली की मला झटकन दाराआड ढकलायचं. मोठ्या बाईंना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. कानाडोळा करणं हीच त्यांची मदत होती. मला तेव्हा त्यांचाही रागच यायचा.

आणि एके दिवशी सगळं फिसकटलं. वेळापत्रकं दोन होती, एक सम दिवसाचं आणि एक विषम दिवसाचं. शिट्टी सरांनी विषम दिवशी समाचं वेळापत्रक बघितलं. मला खांद्यावर घेऊन ते धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढले आणि एका वर्गात ठेवून मोकळे झाले. तिथे इतिहासाचे सर शिकवत होते. ते माझ्याकडे आणि शिट्टी सरांकडे बघतच राहिले. गणिताच्या बाई होत्या खाली, पहिल्या मजल्यावर, खुर्चीविना. आणि सर वर असल्यामुळे फाटकात शिट्टी वाजवायला कुणीच नव्हतं. सचिवांची गाडी आली.

पुढचं मी नंतर शिक्षकखोलीत ऐकलं. बाई वाट बघत उभ्याच शिकवत राहिल्या. मग फळ्याला धरून हळूहळू खाली सरकल्या आणि जमिनीवरच बसल्या, डोकं भिंतीला टेकून. तोंडाने उदाहरण सांगणं चालूच होतं. तेवढ्यात साहेब दारात.

"हे काय? मुलांसमोर जमिनीवर पसरलाय तुम्ही? पाटी वाचता येत नाही?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, बाईंना बरं नाहीये."

"तू खाली बस!" साहेब तिच्यावर खेकसले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "उभं राहता येत नसेल तर घरी बसा."

सगळ्या वर्गासमोर! ज्या बाईने तापातून उठून, छातीत धड श्वास नसताना, त्याच्याच शाळेतली पोरं सांभाळली, तिला! मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या क्षणी मला पाय उचलता आले असते तर मी ते त्या माणसाच्या पावलावर आपटले असते. आणि मी कुठे होते? तिसऱ्या मजल्यावर, रिकामी!

चूक लक्षात येताच शिट्टी सर मला घेऊन खाली धावले आणि जिन्यात साहेबांना मीही सापडले, सरांच्या खांद्यावर. मग सगळा प्रकार उघड झाला. "उद्या बैठक घेतो," साहेब गरजले. "ही खुर्ची तिथे आणून ठेवा. पुरावा आहे हा. बाईंचं काय करायचं तेही उद्याच सांगतो."

संध्याकाळी शिक्षकखोलीत सगळे सुतक असल्यासारखे बसले होते. शिट्टी सरांनी मान वर केली नाही. "माझ्यामुळे झालं, ताई. सगळं माझ्यामुळे."

गणिताच्या बाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "सर... तुम्हाला सम-विषम... मीच शिकवायला हवं होतं." आणि त्या हसल्या. सर मात्र ओंजळीत तोंड लपवून रडले. एवढा दांडगा माणूस.

चित्रकलेच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "कामाच्या वेळी बसायचं नाही ना? मग कुणीच नको बसायला! सगळ्या शाळेतल्या खुर्च्या अडगळीत टाकू या. ह्या खोलीतल्या, बैठकीच्या खोलीतल्या, त्यांची ती फिरती खुर्चीसुद्धा!" त्या रागाच्या भरात बोलून गेल्या. पण काका खिशातल्या किल्ल्या चाचपायला लागले.

तेव्हा सगळ्यांना दिसलं, दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"माझीही न्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "चाकं आहेत तिला. जिन्यावरून जपून."

दुसऱ्या दिवशी साहेब बैठकीच्या खोलीत आले. भलंमोठं टेबल होतं आणि भिंतीकडेने सगळे शिक्षक उभे होते. खोलीत एकच खुर्ची होती, ती मी, पुरावा म्हणून आणलेली. आणि माझ्यावर गणिताच्या बाईंना बसवलं होतं.

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. "माझी खुर्ची कुठाय?"

"अडगळीत ठेवलीय," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा कापत होता, पण थांबला नाही. "शाळेत कामाच्या वेळी कुणी बसायचं नाही, असा नियम आहे. तुमचाच आहे, साहेब."

"अहो, पण ही बैठक आहे!"

"बैठकीला सूट आहे असं नियमात लिहिलेलं नाही. बाईंना बसवलंय, कारण डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुमच्याकडे तसं काही आहे का?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माघार घेतील तर ते साहेब कसले! ते उभ्यानेच बोलू लागले. शिस्त, परंपरा, संस्थेचं नाव, सगळं आलं. बसून बोलताना त्यांना वेळेचं भान नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्कमधून शब्द नीट बाहेर पडेनात, म्हणून आवाज चढवावा लागला. चष्म्यावर वाफ धरली. थोड्या वेळाने त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला. मग टेबलाला हात टेकला. मग दोन्ही हात. समोरचे शिक्षक मात्र ताठ उभे होते. त्यांना सवयच होती, ती साहेबांनीच लावली होती.

शेवटी मूळ मुद्दा आला. बाईंचं काय करायचं, ते साहेब आता सांगणार होते. माझ्या हातांवर बाईंची बोटं घट्ट आवळली गेली. साहेबांनी तोंड उघडलं, पण त्यांना धाप लागली होती. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि अगदी साध्या, थकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "जरा... टेकायला मिळेल का?"

आणि काय सांगू मित्रांनो, गणिताच्या बाई चटकन उठायला गेल्या! समोरच्याला धाप लागलेली त्यांना बघवली नाही. तो कोण आहे आणि काय बोलणार आहे, हे त्या क्षणभर विसरल्याच. तेवढ्यात त्यांच्या एका खांद्यावर मोठ्या बाईंचा हात आला आणि दुसऱ्यावर चित्रकलेच्या बाईंचा.

"तुम्ही बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

साहेब बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. लोक म्हणतात की कळलं. मला तसं वाटत नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, "बरं. पुढे बघू." आणि भिंतीचा आधार घेत घेत निघून गेले.

ते 'पुढे' अजून आलेलं नाही. गणिताच्या बाई शिकवत आहेत. मी आता उजळ माथ्याने वर्गात उभी असते, दाराआड लपत नाही. सगळे म्हणतात, चला, गोड शेवट झाला.

कसला गोड? नियम रद्द झाला नाही. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, एवढंच. माझ्या बहिणी अजून अडगळीत आहेत. बाकीचे शिक्षक बसलेल्या घशांनी आणि सुजलेल्या पायांनी उभेच आहेत. बाईंना खुर्ची मिळाली, पण त्यासाठी आधी मरणाच्या दारातून परत यावं लागलं. माणसाने दोन घटका टेकावं, यासाठी एवढी किंमत का द्यावी? आणि ती मिळवून दिली कुणी? संदेशात हात जोडणाऱ्यांनी नाही. दमलेल्यांनीच दमलेलीला उचलून धरलं.

म्हणून मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पॉलिश करा, असं काही मी मागत नाही. तुमच्या वर्गात तुमच्या बाईंना, सरांना बसायला खुर्ची आहे का, ते बघा. नसेल तर जाऊन विचारा, का नाही. चार जण मिळून जा, मोठ्याने विचारा. आणि समोरचा माणूस खुर्चीत रेलून तुम्हाला उत्तर देऊ लागला, तर त्याला म्हणा, "साहेब, आधी उभे राहा. मग सांगा."