माझ्यावरची पाटी खोटी आहे

मित्रांनो, मी एक जुनी उबवणी पेटी आहे. माझ्या दारावर पितळी पाटी ठोकली आहे, ती एवढ्यात वाचू नका. आधी माझे ऐका, म्हणजे ती पाहून माझ्यासारखी तुम्हालाही शिसारी येईल.

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मी उभी आहे. वर भिंतभर एक फलक आहे. त्यावर या शास्त्राचे टप्पे रंगवले आहेत. धुरांडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे कर्करोग होतो हे ओळखले गेले तो टप्पा, युद्धातल्या विषारी वायूच्या अभ्यासातून औषध निघाले तो टप्पा, माणसाच्या पेशी शरीराबाहेर काचेत वाढू लागल्या तो टप्पा. इथवर सगळे खरे आहे. मात्र शेवटी आमच्या मोठ्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, स्वतःचा एक टप्पा चिकटवून दिला आहे, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर आला आहे!

माझे काम ऊब देण्याचे. काचेच्या बशांत पेशी असत आणि मी त्यांना माणसाच्या अंगाएवढी ऊब देई. त्यांना गुलाबी रंगाचा पातळ खुराक लागे. प्रत्येक जातीच्या पेशींसाठी खुराकाची बाटली वेगळी ठेवायची, असा तिथला पहिला नियम होता. माझ्या खालच्या फळीवर ज्या पेशी होत्या त्यांना सगळे ‘हावऱ्या’ म्हणत. त्या इतक्या भराभर वाढत, की त्यांचा एक थेंब जरी दुसऱ्या बशीत पडला तरी मूळ पेशींना उपाशी मारून सगळी बशी बळकावत.

वरच्या फळीवर ताईची बशी होती. ताई म्हणजे तिथली तरुण संशोधक. तिला लहानाचे मोठे करणाऱ्या मावशीच्या स्तनात गाठ झाली होती. शस्त्रक्रियेच्या आधी मावशी तिला म्हणाली होती, “माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण ही गाठ फुकट घालवू नकोस गं. कुणाच्या तरी कामी येऊ दे.” हे मला ताईनेच सांगितले, बशी आत ठेवताना. मावशी गेली, पण तिच्या पेशी काचेला चिकटून राहिल्या. लांबट, हळू वाढणाऱ्या, अगदी शहाण्या पेशी होत्या त्या. ताई रोज दार उघडून हळूच विचारी, “काय मावशी, बरी आहेस ना?”

आणि मोठे सर? खोकून झाले की त्याच हाताने माझे दार उघडत. जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून माझ्या डोक्यावर ठेवत. त्याचे तेल माझ्या अंगावरून ओघळे आणि त्यावर मुंग्या येत. शी! एकदा ताई रजेवर होती आणि पाहुणे यायचे होते. सरांनी घाईघाईने हावऱ्यांना खुराक दिला आणि तीच नळी, तीच बाटली वरच्या बशीला लावली. “एका वेळेने काय होतंय?” असे म्हणून त्यांनी दार आपटले. मला हात असते तर मी ती बशी बाहेर भिरकावली असती.

थोड्याच दिवसांत मावशीची बशी दाट भरली. सगळीकडे आनंदीआनंद! केक कापला, फोटो निघाले. मावशीच्या गाठीसारख्या गाठींवरचे एक नवे औषध या पेशींवर तपासले आणि ते लागू पडले. माझ्या आत मात्र मावशीची एकही पेशी उरली नव्हती. हावऱ्या तिच्या नावावर खुराक खात होत्या.

ताईला शंका आली ती सूक्ष्मदर्शकातून पाहताना. या पेशी तर गोल होत्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मावशीच्या रक्ताचा नमुना जपून ठेवला होता. त्याच्याशी पेशींची जनुके ताडून पाहिली, तर ती जुळेनात. ताई माझ्यासमोरच सरांना म्हणाली, “सर, ही मावशी नाही. हावऱ्या आहेत सगळ्या.”

सरांनी इकडेतिकडे पाहिले. “हळू बोल. आता हे बाहेर पडलं तर माझं नाक कापलं जाईल. पेशी कुणाच्या का असेनात, औषधाने मेल्या ना?”

“पण ते औषध पुढच्या महिन्यात खऱ्या बायकांना देणार आहेत! त्यांच्या गाठीवर ते चालतं की नाही, हे आपल्याला माहीतच नाही.”

“तू तुझं काम कर.”

एवढे बोलून त्यांनी डबा उचलला आणि ते जेवायला गेले. तो माणूस जेवू शकला, मित्रांनो! चूक कुणाच्याही हातून होते, तिची मला किळस नाही. चूक पोटात ठेवून वर जेवणाऱ्याची आहे.

ताई मूग गिळून बसली नाही. ते औषध देणाऱ्या रुग्णालयाला तिने सगळे कळवले. औषध थांबले, बायका वाचल्या, आणि ताईची नोकरी गेली. जाण्याआधी तिने माझ्या फळ्या नेहमीसारख्या स्पिरिटने पुसल्या. रिकाम्या वरच्या फळीवर हात ठेवून ती म्हणाली, “मावशी, तुझी गाठ फुकट गेली गं.”

ती फुकट गेली नाही, हे मला तिला ओरडून सांगायचे होते. त्या गाठीपायीच तर ताई डोळ्यांत तेल घालून पाहत होती, आणि म्हणूनच त्या बायका वाचल्या.

औषध का थांबले, हे मोठ्या सरांनी बाहेर फुटू दिले नाही. पुढे त्यांचा सत्कार झाला, मला इथे आणले आणि पाटी ठोकली: “याच पेटीत त्या ऐतिहासिक पेशी वाढल्या.”

मित्रांनो, हात धुवा. एकाची बाटली दुसऱ्याला लावू नका. आणि लावलीत, तर त्याच दिवशी तोंडाने सांगा. आणखी एक विनंती आहे. पाटीचा डावीकडचा स्क्रू सैल झाला आहे. ज्याच्या खिशात नाणे असेल त्याने जाता जाता तो उलटा एक फेरा फिरवावा.