अकरा नंबरचं हेड

कुझुहारा साहेबांनी खडूने लोखंडावर आडवी रेघ ओढली, फुंकर मारून भुकटी उडवली आणि करवतीसाठी हात पुढे केला.

"इथून कापायचं. हवेच्या पहिल्या वाटेच्या बरोबर मधून."

करवत कुणीच पुढे केली नाही. टेबलाभोवती सहा-सात माणसं उभी होती आणि सगळे त्या रेघेकडे बघत होते. टेबलावर इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण होतं, ओतीव लोखंडाचं, हातभर लांब. त्याच्या कडेवर अकराचा आकडा ठोकलेला होता.

त्सुरुयो हिबिनो दाराशी थांबली. तिच्या हातातल्या फळीवर सकाळचे वाळूचे गाभे होते. ते साहेबांना दाखवून मंजूर करून घ्यायचे असत. ती आत आली नाही आणि परतही गेली नाही.

जपानमधल्या मिकावातल्या या कारखान्यात मुळात यंत्रमाग बनत. गेल्या दीड वर्षापासून मोटारीच्या इंजिनाचा खटाटोप चालला होता. एक अमेरिकन गाडी आणून तिचं इंजिन सुटं केलं, एकेक भाग मोजला, त्याची चित्रं काढली आणि त्या चित्रांवरून ओतकाम सुरू झालं. अमेरिकन इंजिन तपासणीच्या बाकावर साठ घोड्यांची ताकद देई. इथली दहा हेडं बसवून पाहिली, पण काटा पन्नासापुढे सरकला नाही. ढाचा तोच, माप तेच. ओतशाळेचे मुकादम ओशिका एकदा वैतागून म्हणालेही होते, "आपले घोडे काय उपाशी ठेवलेत की काय?"

आणि परवा त्याच इंजिनावर अकरावं हेड बसवलं तेव्हा काटा बासष्टवर गेला. तीनदा चालवून पाहिलं. तिन्ही वेळा बासष्ट.

"मालक, तुम्ही तरी सांगा," ओशिका म्हणाले. "चार दिवसांनी तोक्योचे अधिकारी येतायत. परवाना मिळाला तर मोटारी, नाहीतर जन्मभर माग. आणि हातात एकच धड हेड आहे, तेही हे कापायला निघालेत!"

"धड आहे म्हणूनच कापायचं," कुझुहारा म्हणाले. ते दोन वर्षं अमेरिकेतल्या इंजिनच्या कारखान्यात राबून आले होते. रागावले की त्यांचा आवाज आणखी खाली जाई. "अधिकारी विचारतील, असं दुसरं करून दाखवा. काय सांगणार? देव पावला म्हणून?"

"पावला तर पावला! देवाला कुणी करवतीनं कापतं का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

धाकटे मालक खुर्चीत बसून होते. वडिलांच्या मागांची कमाई या नादात घालवतोय, असं गावात बोललं जाई ते यांच्याबद्दलच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कापा," ते म्हणाले.

करवतीचा दांडा कुझुहारांच्या हातात आला. त्यांनी पातं रेघेवर टेकवलं.

"कापू नका, साहेब."

आवाज आपलाच आहे हे त्सुरुयोला जरा उशिरानेच कळलं. सगळे वळले. तिने फळी खाली ठेवली, पण ती सरळ ठेवली गेली नाही आणि एक गाभा घरंगळून जमिनीवर फुटला.

"आत काय आहे ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी केलंय ते."

ओशिका दोन पावलं पुढे आले. "काय केलंयस?"

त्सुरुयो नऊ वर्षं गाभ्याच्या शेडमध्ये काम करत होती. अळशीच्या तेलात कालवलेली वाळू लाकडी पेटीत दाबायची, भट्टीत भाजायची की गाभा तयार. तो साच्यात ठेवून भोवती लोखंड ओतलं की गाभ्याच्या जागी पोकळी राहते. हेडमध्ये हवा आत जायच्या सहा वाटा, त्यांचे सहा गाभे. गाभा जिथे जाड तिथे वाट रुंद, आणि गाभ्याला जिथे खाच तिथे लोखंडाचा उंचवटा. या सहाही गाभ्यांना एकाच जागी बारीक मान होती. पेटीतून काढताना म्हणा, भाजताना म्हणा, दहातले सात त्या मानेशीच मोडत.

मोडलेला गाभा टाकून द्यायचा आणि मुकादमांना सांगायचं, हा नियम होता. दोन हिवाळ्यांपूर्वी ओनोबू नावाच्या बाईने एक गाभा चिकटवून दिला होता. लोखंड ओतताना तो आत ढासळला, वाफ कोंडली आणि तापलेलं लोखंड उसळून तिच्याच गालावर, मानेवर आलं. नियम झाला तो तेव्हापासून.

"हे हेड ओतलं त्या दिवशी लोखंड वितळून तयार होतं," त्सुरुयो म्हणाली. "मुकादम ओरडत होते, गाभे आणा, गाभे आणा. सहातला एक मोडला. दुसरा शिल्लक नव्हता. मग मी वाळू लावून तो जोडला. आणि बाकीचे पाचही तिथेच मोडणार हे दिसत होतं, म्हणून त्यांच्याही माना भरून टाकल्या. अंगठ्यानं गुळगुळीत केल्या. पुन्हा भाजल्या."

"सहाही?" कुझुहारांनी विचारलं.

"सहाही."

"आणि मला सांगितलं नाहीस," ओशिका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ओनोबूचं तोंड रोज बघतेस तू! तिच्या शेजारी बसून डबा खातेस! कुणाच्या अंगावर उसळलं असतं म्हणजे?"

त्सुरुयोने मान खाली घातली. ते लोखंड साच्यात उतरेपर्यंत ती ओतशाळेच्या खांबाला धरून उभी होती आणि मनात एकेक आकडा मोजत होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

"का नाही सांगितलं?" मालकांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर मी चौथी झाले असते."

मालकांना ते कळलं नाही. त्यांनी ओशिकांकडे पाहिलं.

"सात महिन्यांत तिघींना काढलं," ओशिका तुटकपणे म्हणाले. "गाभे मोडायच्या सारख्या. हात जड होते."

कुझुहारांनी करवत टेबलावर ठेवली. त्यांचं लक्ष या बोलण्याकडे नव्हतंच.

"पण मान तर हवीच," ते जणू स्वतःशीच म्हणाले. "अमेरिकन हेडमध्ये ती आहे. मी स्वतः माप घेतलंय. आत मेण ओतून ठसा काढला, त्यावरून पेटी बनवली. केसाइतकाही फरक नाही."

"मेण कुठल्या वाटेत ओतलं होतं, साहेब?" त्सुरुयोने विचारलं.

"पहिल्या."

"आणि बाकीच्या पाच?"

"सहाही सारख्याच असतात, बाई. एकाच इंजिनच्या आहेत."

मालक खुर्चीतून उठले.

"बघून घ्या ना," ते हळू म्हणाले.

अमेरिकन हेड पलीकडच्या बाकावर पांढऱ्या कापडाखाली होतं. कुझुहारांशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. त्यांनी कापड काढलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि आपलं जाडसर बोट पहिल्या वाटेत घालून पाहिलं. ते सांध्याशीच अडलं.

"तुमचं बोट जाईल," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

त्सुरुयोने दोन्ही हात पदरासारख्या पुढे बांधलेल्या कापडाला पुसले. पुन्हा पुसले. मग तर्जनी पहिल्या वाटेत घातली. लोखंड गार होतं. वळणापाशी बोट वर चढलं.

"आहे. इथे उंचवटा आहे."

"म्हटलं ना मी."

तिने बोट काढलं आणि दुसऱ्या वाटेत घातलं. बोट सरळ आत गेलं. ती थांबली, थोडं फिरवून पाहिलं.

"इथे नाही."

"नीट बघा."

"सरळ जातंय, साहेब. काहीच नाही."

तिसरी. ओशिका तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास येत होता.

"नाही."

चौथीत तिला वेळ लागला. कुझुहारांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"हिच्यातही नाही."

पाचवी नाही. सहावी नाही.

ती पुन्हा पहिल्या वाटेकडे आली, कुणी न सांगता. या खेपेला तिने डोळे मिटले. बोट उंचवट्यावर गेलं, त्याच्या कडेवरून खाली आलं, परत वर चढलं. एका बाजूला बारीक शिवण होती, वाकडी. आणि वरचा भाग साधा नव्हता. गाभ्याच्या ओल्या वाळूत कुणीतरी जोरात दाबलं तर जो खळगा पडतो, त्यात लोखंड भरून हा असा गोल उंचवटा उठतो. ती ओळखीची गोष्ट होती. त्याचा आकार तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

"हा कुणाचा तरी अंगठा आहे, साहेब."

"काय?"

"तिकडेही गाभा मोडला होता. हा एकच. कुणीतरी जोडला आणि घाईघाईत दाबला. जरा जास्तच दाबला." तिने बोट बाहेर काढलं. "माझ्यापेक्षा मोठा अंगठा आहे. पुरुष असेल."

कुझुहारांनी एक तार घेतली, तिचं टोक वाकवलं, पहिल्या वाटेत घालून ओढलं. तार अडली. दुसऱ्या वाटेत घातली. तार अडली नाही. त्यांनी सहाही वाटा अशा पाहिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला चौथ्या वाटेशी त्यांनी तार खाली ठेवली.

अमेरिकेत कुणाच्या तरी चुकीने सहातली एकच वाट थोडी अडली होती. साठ घोड्यांत ते कुणाला जाणवलंही नसेल. इथे ती चूक मेणात उतरली, मेणातून चित्रात, चित्रातून पेटीत, आणि दीड वर्ष प्रत्येक हेडच्या सहाही वाटा तिने आवळून धरल्या.

"गाभे मोडायचे तेही त्यामुळेच," मालक म्हणाले.

कुझुहारांनी मान हलवली. मग ते त्सुरुयोसमोर येऊन उभे राहिले. बाई म्हणायची सवय त्यांच्या ओठांवर आली असावी. पण ते थांबले.

"हिबिनोसान," ते म्हणाले, "चूक माझी आहे." आणि कमरेत वाकले.

ओशिका अजून तिथेच होते. "नियम मोडला तो मोडलाच," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"मोडला," त्सुरुयो म्हणाली.

मालकांनी तिला आठ दिवस घरी बसवलं. अकरा नंबरच्या हेडवरची खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसून टाकली.

सहाव्या दिवशी दुपारी ती दारात मुळे वाळत घालत होती तेव्हा ओशिका आले. डोक्यावरची टोपी हातात होती.

"नवी पेटी झाली," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "मान काढून टाकली. तीन हेडं ओतली, तिन्ही धड निघाली. एकसष्ट, साठ, बासष्ट. गाभा एकही मोडला नाही."

"आणि अधिकारी?"

"आले, बघितलं, कान लावून ऐकलं. परवान्याचं अजून ठरायचंय. पण जाताना एक जण म्हणाला, तुमचं हेड मूळच्यापेक्षा बरं कसं? कुझुहारांनी सगळं सांगितलं. अगदी सगळं. मालकांचा चेहरा बघायला हवा होतास."

ती हसली. ओशिका हसले नाहीत. मुळ्यांच्या ओळीकडे बघत ते टोपीची कड बोटांत फिरवत राहिले. बराच वेळ गेला तरी ते निघेनात.

"चहा ठेवू का?"

"नको." मग म्हणाले, "त्या काढलेल्या तिघींतली हारू तिच्या भावाकडे गेली, ओकाझाकीला. शिगे सापडली, ती सोमवारपासून येतेय. कियोचं घर कुठे आहे?"

"ओढ्यापलीकडे. कौलांच्या भट्टीमागे."

"तू येतेस का बरोबर?"

त्सुरुयोने हात पुसले आणि चपला घातल्या. ओढ्यावरच्या फळीवर ओशिका एकदा थांबले, मागे वळतील असं वाटलं, पण वळले नाहीत.

कियो अंगणात बसून कौलांची माती मळत होती. कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. मुकादमांना पाहून ती उठली नाही.

ओशिकांनी सांगायला सुरुवात केली. अमेरिकन हेड, मेण, पेटी, मान. सांगताना ते मधेच अडखळले, मागचं पुढे केलं. शेवटी ते म्हणाले, "तुझे हात जड नव्हते." आणि त्या मातीच्या अंगणात त्यांनी आपलं पिकल्या केसांचं डोकं खाली झुकवलं.

कियोने मळणं थांबवलं नव्हतं. मातीत एक खडा लागला, तो तिने चिमटीत धरून काढला आणि कुंपणापलीकडे भिरकावला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, मान बारीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

ओशिका तसेच वाकलेले राहिले. "अमेरिकनांना तू शिकवणार का, असं म्हणालो."

"हं."

तिने मातीचा गोळा उचलून फळीवर आपटला, त्यावर ओलं पोतं टाकलं आणि त्सुरुयोकडे पाहिलं.

"पाणी घाल गं जरा हातावर," ती म्हणाली. "आणि ह्यांना बसायला सांग. चहा घेऊ दे. येणार की नाही, ते मग सांगते."