दोनशे वर्षांची गोधडी

संग्रहालयाच्या साहेबांनी गोधडीवालीला बोलावलं ते एका उसवलेल्या कडेसाठी. पण सुईत दोरा ओवायच्या आधीच त्यांनी तिला भिंतीवरचे फलक दाखवत गोधडीचा सगळा इतिहास ऐकवला. आधी म्हणे माणसानं जुनी कापडं एकावर एक ठेवून टाचली. मग सैनिकांनी चिलखताखाली जाड शिवलेले अंगरखे घातले. मग ठिगळांच्या चौकटी आल्या, चांदण्या आल्या, रेशमाचे वेडेवाकडे तुकडे आले.

"आणि ही आमची राणी," काचेच्या पेटीतून एक गोधडी काढत साहेब म्हणाले. "दोनशे वर्षांची. मी हिच्यावर पुस्तक लिहिलंय."

तीस वर्षं गोधड्या शिवून बोटांना घट्टे पडलेल्या बाईनं नुसतं 'हं' केलं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या शर्टाचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं.

तिनं कड आणखी चार बोटं उसवली, आतल्या थरात हात घातला आणि एक जुनी पँट अर्धी बाहेर ओढली. पँटीला नायलॉनची चेन होती.

"साहेब, दोनशे वर्षांपूर्वी हे कोण घालायचं हो?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाई, ते आत ढकला आणि शिवून टाका. परवा उद्घाटन आहे."

"शिवते की. आधी पाटी बदला."

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

"एवढंच कळतं की ही माझ्याहून लहान आहे. आणि कुणीतरी जीव ओतून शिवलीय. तिला उगाच म्हातारी कशाला करता?"

तिनं सुईदोरा पिशवीत टाकला आणि सरळ घर गाठलं.

उद्घाटनाला मात्र ती मोठ्या जावेला घेऊन हजर झाली. पाटी तीच होती. कड शिवलेली होती: बोटभर लांब, नागमोडी टाके, मध्येमध्ये गाठी. साहेबांच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या.

"हे टाके असे का?" एका पाहुण्यानं विचारलं.

"ती... ती आद्य शैली," साहेब म्हणाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"अगं, आमचे हे झोपेतसुद्धा याहून बरं शिवतील," जाऊ कुजबुजली.

गोधडीवालीला हसू आवरेना. ती अभिप्रायाच्या वहीकडे गेली आणि ठळक अक्षरात लिहू लागली: 'ही गोधडी शिवणारी बाई अजून जिवंत असेल. तिला शोधा, साहेबांना घरी पाठवा.' खाली सही ठोकली.

साहेबांनी तिच्यादेखत ते पान फाडलं. तेही त्यांना धड फाडता आलं नाही. 'साहेबांना घरी पाठवा' एवढं वहीतच राहिलं, आणि वहीसाठी मागे रांगेत उभे असलेले लोक ते वाचायला पुढे सरकले.