गायरानावरचं गवत

"गवत पेरनार म्हंता, तर मग त्येच्यावर बकरी कवा सोडायची, तेवढं सांगा की बाईसाहेब!"

हरिबानं बसल्या जागेवरून विचारलं आणि समाजमंदिरातली सगळी माणसं हसली. यात हसण्यासारखं काय आहे, हे म्हाताऱ्याला काही कळेना. नगरपंचायतीच्या रूपाली मॅडम मघापासून हेच तर सांगत होत्या. वस्तीशेजारचा कचरा डेपो कायमचा बंद होणार. दिवाळीनंतर एकही गाडी येणार नाही. ढीग सपाट करायचा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, कागदावर माती आणि मातीवर गवत. आत कुजणाऱ्या कचऱ्याचा वायू बाहेर पडायला जागोजागी पाइप. वास लगेच जाणार नाही, पण धूर आणि माश्या कमी होतील. विहिरींचं पाणी अधूनमधून तपासू, तोवर कुणी प्यायचं नाही. हरिबानं हे सगळं ऐकलं होतं, पण त्याच्या कानात राहिला होता एकच शब्द, गवत.

"आजोबा, बकरी नाही सोडायची," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "कुंपण घालणार आहोत आम्ही. खुरांनी माती उकरली की पावसाचं पाणी आत मुरतं, पुन्हा विहिरी नासतात. आणि त्या गवतात खालचं काय उतरेल, ते आज कुणी सांगावं?"

"बरं, पर किती वरसं?"

"पंधरा तरी. जास्तच धरा."

"म्हंजी नव्वदी गाठून बकरी घिऊन यायचं म्हना की!"

पुन्हा हशा पिकला. हरिबाही हसला, पण वरवरचंच.

कारण त्यानं आपली बकरी, म्हणजे धनगराची शेरडं-मेंढरं, राखली होती ती याच दिवसासाठी. तुम्हाआम्हाला डोंगराएवढा उकिरडा दिसायचा, हरिबाला त्याच्याखाली गायरान दिसायचं. काय गायरान होतं ते! गुडघाभर पवन्या गवत, मधे बोरी, हिवराची झाडं. श्रावणात बकरी आत शिरली की नुसत्या पाठी दिसायच्या. हरिबाचा बाप हिवराखाली घोंगडं टाकून सूत कातत बसायचा आणि एकेका बकरीला नावानं शिव्या घालायचा. सुलाबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हा न्याहारी घेऊन ती याच गवतातून यायची. तिच्या लुगड्याला कुसळं चिकटायची आणि सासरा बघत नाही असं बघून हरिबा ती काढून द्यायचा. असे दिवस होते ते.

मग एका साली कऱ्हाडाकडं चारायला नेलेली बकरी माघारी आणली, तर गायरानात ट्रॉलीभर कचरा पडलेला. "चार दिसाचं काम हाय," कुणीतरी सांगितलं. ते चार दिवस पंचवीस-तीस वर्षं सरले नाहीत. प्लास्टिक खाऊन बकरी फुगून मेली. भावकीनं कळप विकले, कोणी ड्रायव्हर झाला, कोणी मुंबई गाठली. हरिबाचा इंद्रजित कऱ्हाडला साखर कारखान्यात लागला. "आबा, इका ती बकरी आन् या माझ्याकडं," तो दर सणाला म्हणायचा.

"डेपो हलला की गायरान आपलंच हाय," हरिबाचं उत्तर ठरलेलं. दीडशेची वीस-बावीस झाली, तरी उत्तर तेच.

तो घरी आला तेव्हा सुलाबाई उंबऱ्यात गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

"काय म्हनली बाई?"

"गवत येनार म्हनली. लय ब्येस गवत."

"मग?"

"मग काय! बघायचं. कुंपनाच्या भायेरनं."

एरवी सुलाबाईनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"आवं, एक बोलू का? बांधाबांधानं बकरी फिरवायला आता माजं गुडघं न्हाई ऐकत. लय दीस झालं. गायरान येनार म्हनून तुमी बसला हुता वाट बघत, म्हनून गप हुते मी."

हरिबाला भडभडून आलं. आपल्या गवतापायी ही बाई गुडघे घासत राहिली आणि आपल्याला पत्ता नाही! त्यानं तेलाची वाटी ओढून घेतली आणि तिचे गुडघे चोळायला लागला.

"धनाजीला सांगावा धाड," शेवटी तो म्हणाला. "दिवाळीच्या पाडव्याला यिऊन बकरी घिऊन जा म्हनावं."

धनाजी हा सुलाबाईचा भाचा, उत्तरेकडच्या माण तालुक्यातला. त्याचा कळप मोठा आणि जीव लावणारा गडी. पाडव्याला सकाळीच तो पिकअप घेऊन आला आणि वस्तीच्या उत्तरेला, माणाच्या वाटेवर गाडी लावून पूजेला बसला.

पाडव्याला धनगराच्या वाड्यात बकरीचं दूध उतू घालतात. बकरी कोंडायच्या जाळीच्या वाघरीत, त्यांच्या मधोमध, तीन दगडांवर नवं गाडगं ठेवायचं आणि खाली शेणी पेटवायच्या. दूध ज्या दिशेला उतू जाईल, त्या दिशेला त्या साली कळपाचं भलं. गाडग्याला हात लावायचा नाही, ते देवाचं काम. आजवर हरिबानं प्रत्येक पाडव्याला श्वास रोखून गाडग्याकडे बघितलं होतं. दूध गायरानाकडे एकदाही गेलं नव्हतं.

आज दूध चढलं, गाडग्याच्या तोंडाशी आलं आणि फेस उगवतीकडे कलू लागला. उगवतीला डेपो होता, निम्मा लाल मातीनं झाकलेला. जन्मभर मागितलं, ते आज देत होता बिरोबा! दूध तिकडे गेलं असतं, तर धनाजीनं एकही बकरी गाडीत चढवली नसती. कुठलाच धनगर चढवत नाही. मग सुलाबाई पुन्हा बांधाबांधानं.

हरिबानं अनवाणी पाय पुढे केला आणि अंगठ्यानं उत्तरेकडचा दगड सरकवला. गाडगं माणाकडे कललं. दूध भसकन त्या बाजूला सांडलं, निखारे चरचरले.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" सगळ्यांच्या आधी हरिबाच ओरडला.

धनाजीनं खाली बघत भंडारा उधळला. "मामा, जिवापाड संभाळतो," एवढंच तो म्हणाला.

बकरी चढली. म्हाताऱ्या मेंढीला हरिबानं स्वतः उचलून ठेवलं, तिच्या कानामागं खाजवलं. पिकअप माणाच्या वाटेला लागली. धुरळा खाली बसेपर्यंत दोघं तिथंच उभी होती.

"अंगठा भाजला न्हवं?" सुलाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"दूध कुटं चाललं हुतं, बगितलं म्या."

"मीबी," हरिबा म्हणाला आणि वाघरीच्या खुंट्या उपटायला वाकला.