गाळणीतलं पान

गाळणीला चिकटलेलं पान तिनं नखानं सोडवून ताटलीत पसरलं, तर खालच्या बाजूला पांढुरकी लव… चहात घालायच्या पानांना लव नसते. ओल्या पानाचं काय सांगावं, म्हणून तिनं डब्यातलं एक सुकं पान काढलं, मग दुसरं. दुसऱ्यालाही होती.

थर्मास भरून तयार होता. सासूबाईंना दवाखान्यातला चहा चालत नाही — परसातल्या पाल्याचाच हवा, आणि तोही हिनं केलेला. एरवी दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, हे शेजारणींपासून नणंदेपर्यंत सगळ्यांना पाठ. पाला फुलं यायच्या आधी, कोवळाच खुडायचा, हा दंडकही सासूबाईंचा. त्यांची नजर अधू झाली तसं खुडणं हिच्याकडे आलं… आणि कुंपणालगत आपोआप उगवलेलं ते दुसरं झाड, फुलावर येईपर्यंत हुबेहूब तसंच दिसणारं. माळ्यानं बजावलं होतं, "वहिनी, ह्याच्या वाटेला जाऊ नका, विषारी आहे. पान चोळून बघा, लव लागते हाताला."

काल डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "घरचं काही औषध, काढा वगैरे देता का?" उलट्या, मंदावलेली नाडी, दिव्याभोवती पिवळी वर्तुळं… ती सरळ नाही म्हणाली होती. चहाला औषध कोण म्हणतं! पण आज सांगितलं तर — सुनेनं मुद्दाम घातलं म्हणतील. नणंद तर टपलेलीच आहे.

तिनं थर्मास मोरीत ओतला आणि पान रुमालात गुंडाळलं.

डॉक्टरबाई खाटेशीच उभ्या होत्या. सासूबाईंनी हात पुढे केला. "आणलास चहा?"

"ओतून टाकला."

"अगं, का?" मग डॉक्टरबाईंकडे वळून, "दिवसभर भांडते हो माझ्याशी, पण चहा प्यावा तो हिच्याच हातचा."

तिनं रुमाल उघडला. "त्या रोज घेतात तो चहा… त्यात ही भलतीच पानं आलीत. मीच खुडली."

डॉक्टरबाई पान घेऊन तरातरा निघून गेल्या. नणंद काय म्हणेल, हे आता तिच्या मनातही येईना. सासूबाई विचारत होत्या, "काय गं, काय झालं?" आणि ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. खुडताना लव लागली असणारच… मी थांबले होते का तेव्हा? थांबले होते, असं वाटतंय. जरा वेळ थांबले होते — आणि मग?